नाव घ्यायचा तास

झांजीबार,
१८ नोव्हेंबर १९३४

चि. सौ. कुसुम हीस सौदामिनीचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोहोचले. चौदा दिवस बोटीवर होते, त्यातले नऊ आडवी होते. बंदरावर कंधारचे डॉक्टर शेषेराव आणि त्यांची तारामती दोघंही आली होती. तारामती नांदेडच्या शाळेत माझ्या हाताखाली शिकली. तिने बंदरावरच वाकून नमस्कार केला, तेव्हा हमालांनी सामान खाली ठेवून पाहिलं. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातल्या बाईला मीठ हातोहात देता येईल. गावभर लवंगांचा वास आहे. आपण मिरच्या वाळत घालतो तशा इथे चटयांवर लवंगा वाळत घालतात.

आता कामाचं. नांदेड स्टेशनावर वसंता काय बोलला ते तू ऐकलंस. विशाखा मॅट्रिकला बसेल. पुढे हैदराबादला कॉलेजात जायचं तर बोर्डिंगच्या दोन वर्षांच्या खर्चाची तजवीज आधी व्हावी, तो लातूरच्या वकिलीतून निघणार नाही. तजवीज झाली नाही तर परीक्षा होताच लग्न. माझ्या धाकट्या भावाने मला अशी अट घालावी, आणि मी ती सेहेचाळिसाव्या वर्षी समुद्र ओलांडून पुरी करायला निघावं, याची मला लाज वाटत नाही. नांदेडात बावीस वर्षं शिकवून जे जमलं नाही ते इथे वर्षात जमेल असं डॉक्टर म्हणतात. इथल्या हिंदी व्यापाऱ्यांचं सगळं काम इंग्रज अधिकाऱ्यांशी असतं. साहेबांच्या मडमा या व्यापाऱ्यांच्या बायकांना चहाला बोलावतात, आणि या बायका दोन तास मुक्या बसून परत येतात. त्यांना घरी येऊन इंग्रजी बोलायला शिकवणारी बाई हवी आहे. ती मी.

एक गोष्ट मनात ठेवत नाही. स्टेशनावर तू एक शब्द बोलली नाहीस. आठवडाभर आधी शेजारच्या मुंजीत उखाण्यांवर उखाणे घेत होतीस. बायका कामं टाकून ऐकत होत्या. लेकीच्या शिक्षणाचा विषय निघाला की मात्र तोंडाला कुलूप. उखाण्यांत घालवतेस तेवढा वेळ पुस्तकात घातला असतास तर आज दोन बायका एका बाजूला असत्या.

विशाखाला म्हणावं, भूमितीत घाई करू नको.

सौदामिनी


लातूर,
२८ डिसेंबर १९३४

तीर्थरूप वन्संना कुसुमचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पोहोचलं. आपण नऊ दिवस आडव्या होतात हे वाचून विशाखा म्हणाली, आत्याला आडवं करणारा समुद्रच पाहिजे. मी तिला रागावले, आणि मग मलाही हसू आलं. क्षमा असावी.

मी बोलले नाही हे खरं. हे बोलतात तेव्हा कोर्टात उभं राहिल्यासारखे बोलतात, मध्ये तोंड घातलं तर दंड होईल असं वाटतं. माझी चौथी झालेली. यांनी कलमं काढली की मी काय काढणार. विशाखा मात्र पुस्तक सोडत नाही. दळण निवडतानाही समोर भिंतीला पुस्तक टेकवलेलं असतं.

शेजारी कापडवाल्या विरूपाक्षप्पांकडे नात झाली. त्यांच्या घरच्या गुरम्माकाकूंनी आपली चौकशी केली. म्हणाल्या, "बामणाच्या पोरी लई धीट. आमच्या घरातून कुनी उदगीरपल्याड गेलं न्हाई." मी म्हटलं, आमच्याही घरातून एकच गेलं.

संक्रांत आली. तिळगूळ पत्रात चिरडला जाईल म्हणून नुसता शब्द पाठवते.

आपली
कुसुम


झांजीबार,
१० फेब्रुवारी १९३५

चि. सौ. कुसुमला आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर केला, कारण सांगण्यासारखं काही चांगलं नव्हतं. आजही नाही.

मला चार विद्यार्थिनी मिळाल्या. चौघी कच्छी भाटिया व्यापाऱ्यांच्या घरच्या. त्यांच्याशी मी हिंदुस्थानीत बोलते. नोकरीसाठी सरकारने सक्तीने उर्दू शिकायला लावलं तेव्हा मी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. ती उर्दू इथे अन्न देते आहे. पण इंग्रजीचं गाडं हलत नाही. नांदेडात शिकवलं तसंच शिकवते. आधी व्याकरण, मग धडा पाठ, मग प्रश्न. धडा घडाघडा म्हणतात. ‘तुम्ही आज काय स्वयंपाक केला?’ असं इंग्रजीत विचारलं की चौघी एकमेकींकडे बघतात. एकीच्या नवऱ्याने डॉक्टरांजवळ सांगितलं, की बाई हुशार आहेत, पण आमच्या घरात आता पोपट झाला आहे. हे मला तारामतीने सांगितलं. तिने सांगितलं म्हणून मी तिच्यावरच रागावले.

पुढचं ऐक. झवेरबाई म्हणून यांच्यातली सगळ्यात हुशार. लधाभाई लवंगवाले यांची बायको. गेल्या आठवड्यात तिच्या मुलाला ताप भरला. लधाभाई गावाबाहेर. ती एकटी मुलाला घेऊन इस्पितळात गेली. नर्सने मुलाचं नाव विचारलं, तिने इंग्रजीत सांगितलं. वय सांगितलं. ताप कधीपासून, तेही सांगितलं. मग नर्सने मुलाच्या बापाचं नाव विचारलं आणि ही गप्प. नर्सने तीनदा विचारलं. मागे रांग. ही मुलाला खांद्यावर घेऊन घरी परत आली. डॉक्टर शेषेराव घरी जाऊन औषध देऊन आले म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला फैलावर घेतलं. नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही म्हणून मूल तापात परत आणायचं, याला शिक्षण म्हणतात का, असं बरंच बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बहनजी, पहले आप लेकर दिखाइए."

मी पुस्तक उघडलं आणि पुढचा धडा घेतला.

कुसुम, हे मी तुलाच लिहिते आहे, वसंताला वाचून दाखवू नकोस. ज्यांनी मला हट्टाने पुण्याला कॉलेजात घातलं, लोक हसले तेव्हा स्वतः वसतिगृहाच्या दारापर्यंत पोहोचवायला आले, त्यांचं नाव माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेलं नाही. लग्नात उखाणा घे म्हणाले तर मी शिकलेली म्हणून नाक मुरडलं. पुढे ते प्लेगात गेले, आणि विधवेने नाव घेण्याचा प्रश्नच उरला नाही. नोकरीच्या दरखास्तीवर लिहिलं. तोंडाने कोणी विचारलं तर कागद पुढे केला. मी झवेरबाईला काय शिकवणार?

म्हणून तुझ्याकडे मागते आहे. तुझे काही उखाणे लिहून पाठव. आणि ते कसे घेतात तेही लिही. मला येत नाही.

सौदामिनी


लातूर,
४ मार्च १९३५

ती. वन्संना कुसुमचा साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र मी एकटीनेच वाचलं. दोनदा वाचलं. मग डब्यात ठेवलं, जिथे यांचा हात जात नाही, म्हणजे मेथ्यांच्या.

उखाणे लिहून देते. नावाची जागा कोरी सोडली आहे, ज्याची त्याने भरावी.

कढईत तापलं तेल, मोहरी करते तडतड,
—राव घरी आले की थांबते माझी बडबड.

गोणीत भरली हळद, पोत्यात भरली तूर,
—रावांची वाट बघते, मोटारीचा येतो धूर.

आणखी आठ मागच्या पानावर आहेत.

कसे घेतात ते सांगायला कठीण. आपल्याला मी सांगावं हेच नवल. पण सांगते. बसून घ्यायचा नाही, उभं राहायचं. पदर नीट करायचा, त्याने हाताला काम मिळतं. पहिली ओळ घरातली घ्यावी, रोज डोळ्यांसमोर असतं त्याची. नाव कधी पहिल्या ओळीत घालू नये. ते दुसऱ्या ओळीत घालावं; तोवर धीर येतो. आणि वन्सं, उखाण्यात नाव घेतलं की ते नाव घेणं होत नाही. तो मान असतो. त्यामुळे पाप लागत नाही आणि लाजही अर्धीच वाटते. त्या झवेरबाईंना आधी त्यांच्या भाषेत जुळवू द्या. मग आपण त्याचं इंग्रजी करा.

एक मागणं आहे. इंग्रजी केलंत तर मलाही लिहून पाठवा. खाली मराठी अक्षरांत उच्चार लिहा. म्हणजे विशाखाला वाचायला बरं.

विशाखाची परीक्षा तोंडावर आहे. मुरुडच्या एका घरून माणसं येऊन गेली. मुलगा गिरणीवर हिशेबनीस आहे. मी पोहे केले होते.

आपली
कुसुम


झांजीबार,
११ एप्रिल १९३५

चि. सौ. कुसुमला आशीर्वाद.

आधी चांगलं सांगते, मग रागावते.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी चौघींना बोलावलं. व्याकरणाचं पुस्तक तारामतीच्या कपाटात ठेवून दिलं. जमिनीवर बसलो, मध्ये सुपात डाळ. निवडता निवडता प्रत्येकीने रोज डोळ्यांसमोर असतं ते इंग्रजीत सांगायचं. डाळ, सूप, खिडकी, बोट, सासू. सासूवर फार वेळ गेला. त्या दिवशी चौघी मिळून जेवढं इंग्रजी बोलल्या, तेवढं तीन महिन्यांत बोलल्या नव्हत्या. मग मी म्हटलं, आता उभं राहून नाव घ्यायचं. झवेरबाईने दोन दिवस मागून घेतले.

तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली:

बास्केट ऑफ क्लोव्ह्ज, शिप इन द बे,
लधाभाई इज द नेम, आय ॲम प्राउड टु से.

टोपलीत लवंगा, बंदरात जहाज, लधाभाई हे नाव, सांगताना अभिमान वाटतो. शब्द मी सुचवले, पण टोपली आणि जहाज तिचं. बाकीच्या तिघींनी मांडीवर हात मारून घर दणाणून सोडलं. पुढच्या मंगळवारी ती मुलाला दाखवायला पुन्हा इस्पितळात गेली, मी मुद्दाम बरोबर गेले आणि मागे उभी राहिले. तीच नर्स. बापाचं नाव विचारलं. झवेरबाई ताठ झाली, पदर ओढला आणि सगळ्या रांगेसमोर दोन्ही ओळी म्हणाली. नर्सने हसून विचारलं, आम्हालाही असं काही शिकवाल का. झवेरबाईने तिला माझा पत्ता इंग्रजीतून सांगितला, आणि एकही चूक केली नाही.

आता माझ्याकडे अकरा जणी आहेत. आणखी पाच थांबल्या आहेत. एका मडमेच्या चहाला आमच्या सहा जणी गेल्या आणि ती बिचारी म्हणे शेवटी घड्याळाकडे बघत होती. पोपट म्हणणाऱ्या गृहस्थांनी आपल्या दोन्ही सुना पाठवल्या आहेत. सगळ्यांची शिकवणी आगाऊ आली, तेव्हा या डाकेने वसंताला बोर्डिंगच्या वर्षाची रक्कम पाठवते आहे, कलदार, म्हणजे निजामाच्या हाली रुपयांच्या हिशेबात त्याला जास्तच होईल. दुसऱ्या वर्षाची दिवाळीपर्यंत जाईल. त्याची अट पुरी झाली.

तू मागितलेस तसे इंग्रजी उखाणे उच्चारांसकट सोबत आहेत. विशाखाला दे.

आता दुसरं. मुरुडची माणसं आली आणि तू पोहे केलेस. हे तू मला एका ओळीत लिहितेस, जसं काही आभाळ आलं आणि गेलं. मी इथे परक्या बायकांच्या तोंडची कुलपं काढते आहे आणि माझ्या घरची बाई पोह्यांवर कोथिंबीर घालते आहे. तुझं मन कुठल्या बाजूला आहे हे मला समजलं. निदान वसंतासारखं तोंडावर तरी बोल.

सौदामिनी


लातूर,
४ मे १९३५

तीर्थस्वरूप अक्कास वसंताचा साष्टांग नमस्कार.

रक्कम पोहोचली. तू शब्द पाळलास. तुझ्याकडून हे वर्षात होईल असं मला वाटलं नव्हतं, म्हणून अट घातली होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. विशाखाचे पेपर चांगले गेले आहेत.

परंतु एक नवी अडचण आहे, आणि ती माझी केलेली नाही. हैदराबादच्या त्या बोर्डिंगचे नियम मागवले. तिथल्या मुख्य बाई नुकत्याच विलायतेहून आल्या आहेत, इंग्रजीखेरीज त्यांना भाषा नाही. मुलगी घेण्यापूर्वी त्या तिच्या आईला एकटीला आत बोलावतात. पुरुष नको, मुलगी नको, दुभाषी नको. मुलगी घरच्यांच्या मर्जीने आली आहे, हे त्यांना आईच्या तोंडून ऐकायचं असतं. आपले नाव, यजमानांचे नाव, यजमानांची संमती आहे काय, असे तीन सवाल छापील कागदावरच दिले आहेत. तारीख वीस जून.

आता अक्का, तूच सांग. कुसुम लातूरच्या मोंढ्यात भाजीचा भाव विचारताना अडखळते. ती विलायती बाईपुढे काय बोलणार? आणि दुसरा सवाल तर मराठीतही विचारला तर ती माझा कोट बोटाने दाखवील. मी तिला म्हटलं, उगाच प्रवास कशाला. विरूपाक्षप्पा बसले होते, ते म्हणाले, वकीलसाहेब, परीक्षेला बसूच दिलं न्हाई तर नापास कसं म्हनावं? तेव्हा त्यांच्यासमोर मी शब्द दिला आहे. कुसुमने तीन सवालांची उत्तरं दिली आणि बाईंनी मुलगी घेतली, तर मी त्याच दिवशी दरखास्तीवर दस्तखत करीन. नाही तर मुरुडकरांना महिनाअखेर होकार. ते थांबायला तयार आहेत. माणसं चांगली आहेत.

वीस तारखेला माझा मोठा मुकदमा उभा आहे. विरूपाक्षप्पा कापड घ्यायला हैदराबादला जाणारच आहेत, गुरम्माकाकूही जातील. त्यांच्या सोबतीने मायलेकी जाऊन येतील.

तुझी रक्कम मी सांभाळून ठेवली आहे. परत पाठवावी लागली तर वाईट वाटून घेऊ नकोस.

तुझा
वसंता


झांजीबार,
२७ मे १९३५

चि. सौ. कुसुम,

वसंताचं पत्र आलं. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा वीस जूनला तीन दिवस उरलेले असतील. तीन दिवसांत माणूस इंग्रजी शिकत नाही. मी आता हे खात्रीने सांगू शकते, तो माझा धंदा आहे.

मागच्या पत्रात तुझं मन कुठे आहे असं लिहिलं. आता तेही विचारत नाही. मन कुठेही असलं तरी त्या खोलीत तू एकटी असशील आणि मी तीन हजार मैलांवर. तिथे जाऊन गप्प राहिलीस तर मी दोष देणार नाही. मी स्वतः गप्प राहिले होते.

रक्कम परत पाठवू नका. विशाखाच्या लग्नात तिला पुस्तकं घेऊन द्या.

मी हरले.

सौदामिनी


लातूर,
२४ जून १९३५

ती. वन्संना कुसुमचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपलं पत्र आम्ही निघायच्या आदल्या दिवशी आलं. आपण हरलात असं मी पहिल्यांदाच वाचलं. मी ते चुलीत घातलं. विशाखाच्या हाती पडलं असतं तर पोर खचली असती. आणि खरं सांगायचं तर मला राग आला होता.

आता सगळं ओळीने सांगते.

इंग्रजी अक्षरांखाली मराठी उच्चार मी विशाखासाठी मागितले नव्हते. तिला इंग्रजी वाचता येतं, हे आपण विसरलात. ते माझ्यासाठी होते. पण ते येण्याच्याही आधी, मार्चात आपलं झवेरबाईंचं पत्र मेथ्यांच्या डब्यात ठेवलं त्याच दिवसापासून मी आणि विशाखा तूर निवडताना इंग्रजीत बोलत आलो आहोत. नर्सपुढे त्या मुक्या झाल्याचं वाचलं आणि वाटलं, मी तर घरातच मुकी आहे. यांना सांगितलं नाही. हे ओसरीवर आले की आम्ही भाजीवर बोलायचो. दुपारी विशाखा अभ्यासाला बसली की मी म्हशीशी बोलत असे. म्हैस मध्ये टोकत नाही. एकदा गुरम्माकाकूंनी कुंपणावरून बघितलं. "काय करायलीस गं कुसुम? म्हशीला काय झालं?" मी म्हटलं, काही नाही काकू, ती इंग्रजी शिकतेय. त्या म्हणाल्या, "दूध वाढलं तर सांग, आमची बी बसवते."

पोह्यांचं म्हणाल तर, पोहे केले हे खरं. त्यात मीठ दोनदा घातलं होतं, हे लिहायचं राहिलं. तरी मुरुडच्या लोकांनी खाल्ले. माणसं चांगली आहेत असं हे म्हणतात, ते खोटं नाही.

लातूरहून मोटारीने उदगीर, तिथून बिदर, पुढे रेल्वे. मोटारीत मला चार वेळा ओकारी झाली. आपली नऊ दिवसांची आठवण काढली. हैदराबादला वीस तारखेला सकाळी दहाला बोर्डिंगच्या दारात उभ्या राहिलो. आत बारा-पंधरा बायका. बुरख्यातल्या, रेशमातल्या, काही फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या. माझं इरकली लुगडं. विशाखाने माझा हात धरला होता, तो गार होता. की माझा होता, कोण जाणे.

माझं नाव पुकारलं. खोलीत मोठं टेबल, पलीकडे बाई. केस पिकलेले, चष्मा, आपल्यासारख्याच सरळ बसलेल्या. मला एकदम बरं वाटलं. आपल्यासमोर बसायची मला सवय आहे.

त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. लातूर कुठे, म्हणून विचारलं. मी सांगितलं, लाँग रोड, बॅड स्टमक. त्या हसल्या. मग वहीवर लेखणी ठेवून त्यांनी यजमानांचं नाव विचारलं.

वन्सं, सगळं गेलं. इंग्रजीच काय, मराठीही गेलं. अठरा वर्षं जे नाव उखाण्याबाहेर ओठांवर आणलं नाही ते परक्या टेबलापुढे कसं काढावं. बाईंनी पुन्हा विचारलं. मग लेखणी उचलली. मला वाटलं, आता खोडणार. तेव्हा आपल्या झवेरबाई आठवल्या. मुलाला खांद्यावर घेऊन परत गेलेल्या. माझं मूल दाराबाहेर उभं होतं, त्याला खांद्यावर नेता येण्यासारखं नव्हतं.

मी विचारलं, मॅडम, आय स्टँड? त्या म्हणाल्या, यस. मी उठले. पदर नीट केला. आणि म्हटलं:

जवारी इन द फील्ड, बँगल ऑन द हँड,
वसंतराव सेज यस, प्लीज अंडरस्टँड.

शेतात जवारी, हातात बांगडी, वसंतराव हो म्हणतात, कृपा करून समजून घ्या. जवारीला इंग्रजी काय ते विशाखाने शिकवलं होतं, ते ऐन वेळी आठवलं नाही.

बाईंनी चष्मा काढला. पुन्हा म्हणा म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं, दुसऱ्या वेळी हातही केला. त्यांनी हे काय आहे म्हणून विचारलं. मी जमेल तसं सांगितलं, की आमच्यात बायको नाव घेत नाही, मान द्यायचा तर असं घेते. त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग त्यांनी वहीत लिहिलं. तिसरा सवाल त्यांनी विचारलाच नाही. त्याचं उत्तर दुसऱ्यातच आलं होतं. शेवटी म्हणाल्या, अशा आईची मुलगी मला हवी आहे. हे वाक्य मी विशाखाकडून तीनदा समजून घेतलं, चूक होऊ नये म्हणून. तीनदा तेच निघालं.

घरी आलो तर हे ओसरीवर. विरूपाक्षप्पा मुद्दाम सोबत आले, कापडाचे गठ्ठे मोटारीवरच टाकून. विशाखाने सगळं सांगितलं. हे माझ्याकडे बघत म्हणाले, "माझं नाव घेतलंस? परक्या बाईसमोर?"

मी म्हटलं, "उखाण्यात घेतलं. उखाण्यात चालतं."

"आणि मी हो म्हणतो असं सांगितलंस? मी कधी हो म्हणालो?"

वन्सं, अठरा वर्षांत मी पहिल्यांदा यांच्या कलमाला कलम काढलं. म्हटलं, "आपण हो म्हणालात हे इंग्रजीत नोंदून आलंय. आता नाही म्हणालात तर मी खोटी पडेन, आणि वकिलाची बायको खोटी पडली तर कोर्टात लोक काय म्हणतील?"

विरूपाक्षप्पांनी खिशातलं फौंटनपेन काढून यांच्यापुढे धरलं. "वकीलसाहेब, निकाल लागला. करा दस्तखत. अपील न्हाई."

यांनी पेन घेऊन निब पाहिली. मग दस्तखत केलं. करताना म्हणाले, "पुन्हा एकदा म्हण तो." मी म्हटला. विशाखा म्हणते, यांच्या मिशा हसत होत्या. मी मान वर केली नव्हती, त्यामुळे मला ठाऊक नाही.

मुरुडकरांना यांनीच पत्र घातलं. विशाखा एक तारखेला जाते.

आपण लिहिलंत की माझं मन कुठल्या बाजूला. वन्सं, मी बाजू घेतली होती, पण बाजू मांडायला मला माझ्या रीतीनेच येतं. आपण माझी रीत मागितलीत, म्हणून हे झालं.

आपली
कुसुम

ता. क. म्हशीचं दूध वाढलेलं नाही.


झांजीबार,
१८ जुलै १९३५

चि. सौ. कुसुम हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल सकाळी आलं. मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग तारामतीला वाचून दाखवायला लागले आणि मधेच तिलाच वाचायला दिलं, कारण माझा चष्मा चालेना. चष्म्याला काही झालेलं नाही.

मी तुझ्यावर अन्याय केला. स्टेशनापासून करत आले. उखाण्यांत वेळ घालवतेस असं मी तुला लिहिलं होतं. त्याच उखाण्यांवर इथे अकरा घरांच्या शिकवणीतून माझी चूल पेटते, आणि त्याच्याच जोरावर तू माझी भाची हैदराबादला पोहोचवलीस. मी तीन दिवसांत माणूस इंग्रजी शिकत नाही म्हणाले ते बरोबरच होतं. पण तू मला न विचारता साडेतीन महिने शिकत होतीस, आणि तुझ्या गुरूला त्याचा पत्ता नव्हता. वर्गात असं घडलं असतं तर मी विद्यार्थिनीला उभं केलं असतं. तुला बस म्हणते. तुझ्या जागी बस, माझ्या शेजारी.

वसंताला सांग, दुसऱ्या वर्षाची रक्कम दिवाळीआधीच येईल. आणि विशाखाला सांग, जवारीला इंग्रजी शब्द आहे, पण आता तो वापरू नये. त्या बाईंच्या वहीत जवारीच राहू दे.

आता कालच्या दुपारचं.

अकराही जणी जमल्या होत्या. मी त्यांना तुझं पत्र हिंदुस्थानीत सांगितलं, ओळ न गाळता, ओकारीसकट. तुझा उखाणा आला तेव्हा त्यांनी इतका गलका केला की खालच्या दुकानदाराने काठीने छताला ठोकलं. मग झवेरबाई म्हणाली, "बहनजी, अब आप."

मी म्हटलं, मी विधवा आहे. आमच्यात विधवा उखाणा घेत नाही.

ती म्हणाली, आमच्यातही नाही. पण बहनजी, इस्पितळात गप्प उभं राहायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. ते फक्त आम्हाला होतं का?

कुसुम, ते जाऊन तेवीस वर्षं झाली. मी उभी राहिले. पदर नीट केला. तू सांगितलंस ते खरं, हाताला काम मिळतं. पहिली ओळ घरातली घेतली. नाव दुसऱ्या ओळीत ठेवलं, आणि तोवर धीर आला.

नांदेडला गोदावरी, लातूरला तूर,
हणमंतरावांचं नाव घेते समुद्रापार दूर.

मराठी त्या अकरा जणींपैकी एकीलाही येत नाही. पण नाव कुठलं ते सगळ्यांना समजलं. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. झवेरबाई उठली आणि तिने माझ्या हातावर साखर ठेवली.

मग मी सगळ्यांना बसवलं आणि तास घेतला.

सौदामिनी